उजवी बाहुली

भूल देणाऱ्या डॉक्टरला पेशंट चेहऱ्याने लक्षात राहत नाहीत, डोळ्यांनी राहतात. इतकी वर्षं वर्ध्यात लोकांना झोपवते आहे. आता माझी मलाच झोप येत नाही, ते सोडा.

झोपलेल्या माणसाला कापताना दुखतंय का, ते तो सांगू शकत नाही. डोळ्याची बाहुली सांगते. अफूच्या जातीचं वेदनाशामक पुरेसं पोचलं की ती मोहरीएवढी होते आणि कितीही कापाकापी झाली तरी हलत नाही. कमी पडलं की पसरते. यंत्रांपेक्षा माझा तिच्यावर जास्त विश्वास. तोही फक्त उजवीवर. डावीकडे नळ्यांची गर्दी असते, कोण वाकणार?

तो श्रावणी सोमवार होता, दिवसातली चौथी केस. पवनारकडची भाजीपाला पिकवणारी म्हातारी, पित्ताशयात खडे. माझे पांढरे केस तिने जुमानले नाहीत, सरळ एकेरीवर आली. टेबलावर माझा हात धरून म्हणाली, "बाई, झोपवजो बरं, पण उठवजो बी." मी हो म्हटलं. सगळ्यांनाच म्हणते. आधी डोळे तपासायचे असतात, ते मी कंटाळ्याने टाळलं.

ऑपरेशन सुरू झालं आणि उजवी पापणी उचलली, तर बाहुली टपोरी. दुखतंय! औषध वाढवलं. बाहुली जैसे थे. आणखी वाढवलं. नाडी शांत, बीपी शांत. पण मी पडले अनुभवी, यंत्राचं कशाला ऐकू? तिसऱ्यांदा औषध दिल्यावर कुठे डाव्या बाजूला वाकले. डावी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होती.

एकच डोळा मोठा म्हणजे मेंदूत काही झालं की काय? दाराशी धावत जाऊन बाहेर बसलेल्या तिच्या सुनेला विचारलं, "आज यांच्या डोळ्यात काही गेलं का?"

"सकायी महादेवाले धोतऱ्याचं फळ वाह्यलं जी. तोडल्यावर डोळा चोळून राह्यली होती. काऊन?"

धोतऱ्याचा रस डोळ्यात गेला की बाहुली पसरते आणि तशीच राहते. मी त्या बाहुलीला वेदना समजून बाईला औषधात बुडवलं होतं.

टाके घालून झाले, ती श्वास घेईना. उतारा होता, पण तो दिला की सगळं दुखणं एकदम अंगावर येतं. म्हणून मी श्वास देणारा फुगा हाताने दाबत बसले. दाबायचा, सोडायचा, तिची छाती आपणहून उचलते का बघायचं. मनगट भरून आलं. दुसऱ्या कुणाला फुगा द्यायचं धाडस झालं नाही. 'उठवजो बी' एवढंच कानात. मी घाबरले होते, आणि स्वतःचा रागही आला होता.

बऱ्याच वेळाने छाती थोडीशी उचलली. मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत ती वॉर्डात होती, घोगऱ्या आवाजात पाणी मागत.

मी जवळ बसून खरं ते सांगितलं. चूक माझी, तुमचा एकच डोळा बघितला, औषध जास्त झालं. शिव्या खायची तयारी ठेवली होती.

तिने माझा चेहरा खाली ओढला आणि आधी एक, मग दुसरा, असे माझे दोन्ही डोळे नीट बघितले.

"लाल झाले वो तुहे डोये," ती म्हणाली. "किती दिवसांची झोपली नाई, बाई?"