भाऊंची नखी

कुठलीही चपटी वस्तू हातात आली की भाऊ ती आधी अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत धरत, किंचित वाकवून पाहत, मग कानाजवळ नेऊन तिच्या कडेवर टिचकी मारत. एवढं झाल्यावर निकाल लागे. "हाताला बरं आहे, कानाला नाही." नाहीतर उलटं, "कानाला बरं आहे, हाताला नाही." लग्नपत्रिका, एसटीचा पास, साबणदाणीचं झाकण, कशाचीच यातून सुटका नव्हती. एकदा एका मुंजीत माझ्या शेजारच्या पानावर बसून त्यांनी फणसाच्या पापडालाही टिचकी मारली होती. वाढणाऱ्या बाईंना वाटलं, पापड शिळा आहे की काय ते बघताहेत. त्या मुकाट्याने दुसरा वाढून गेल्या.

तुम्हीही असं एखादं माणूस जवळून पाहिलं असेल. रोज भेटतं, रोज हसू येतं, आणि त्याच्या त्या खोडीमागे काहीतरी असेल हे आपल्या डोक्यातही येत नाही.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. रत्नागिरीत जमीन मोजणीच्या कचेरीत मी टायपिस्ट होते आणि भाऊ आरेखक. मोजणीदार शेतातून मापं आणत आणि भाऊ त्यांचे नकाशे काढत. त्यांची रेघ इतकी बारीक आणि सरळ असायची की दोन भावांची बांधावरून भांडणं चालू असली तरी भाऊंच्या नकाशावर दोघांचं एकमत व्हायचं.

गिटार त्यांच्याकडे आली ती धाकट्या भावामुळे. तो बोटीवर खलाशी होता. कुठल्याशा बंदरात त्याने ती घेतली आणि गणपतीला आला तेव्हा ठेवून गेला. तिच्याबरोबर तार छेडायची एक छोटी तिकोनी चकतीही होती. तिला इंग्रजीत पिक म्हणतात. भाऊ तिला नखी म्हणत. त्या एका नखीवर भाऊ सगळं शिकले आणि तीच नखी त्यांनी एका दुपारी खूण म्हणून मोजणीच्या फायलीत घातली. फाइल वरच्या कचेरीत गेली, नखीही गेली.

त्यावर भाऊंनी लिहिलेलं पत्र मीच टाइप केलं. "संदर्भीय प्रकरणासोबत एक तिकोनी, तपकिरी, पारदर्शक वस्तू अनवधानाने पाठविली गेली आहे. ती परत मिळावी, ही विनंती."

महिन्याभराने उत्तर आलं. "सदर वस्तू जमिनीच्या कोणत्या गटाच्या नकाशाशी संबंधित आहे, याचा खुलासा करावा."

भाऊंनी खुलासा केला. "सदर वस्तू कोणत्याही गटाशी संबंधित नसून गिटारशी संबंधित आहे." त्यानंतर वरून काहीच आलं नाही.

तेव्हापासून भाऊंचा शोध सुरू झाला. रत्नागिरीत तबले, पेट्या, टाळ सगळं मिळे, गिटारची नखी मिळत नसे. मुंबईला जाणाऱ्या एकाला सांगितलं तर त्याने सतारीची आणली. मग भाऊ स्वतःच करू लागले. नारळाची करवंटी घासून केलेली नखी कानाला गोड होती, पण हाताला जड. एक्स-रेच्या फिल्मची इतकी लवलवीत की तार छेडली की डास आल्यासारखं वाटे. न्हाव्याकडच्या मोडक्या कंगव्याची बरी होती, पण तिला खोबरेल तेलाचा वास यायचा आणि ती निसटायची. निसटण्याची तक्रार मात्र प्रत्येक नखीबद्दल होती. तेव्हा आम्हाला ते काही विशेष वाटलं नाही.

मग कचेरीतल्या गुण्यांचे कोपरे नाहीसे होऊ लागले. नकाशे काढायच्या त्या त्रिकोणी पट्ट्या. कोपरा कापला आणि कानशीने जरा गोल केला की आयती नखी. वार्षिक तपासणीला साहेबांनी एक गुण्या उचलून उजेडात धरला.

"याचा कोपरा कुठे गेला?"

"झिजला," भाऊ म्हणाले.

"आणि याचा?"

"त्याच्याशेजारीच ठेवलेला असतो, साहेब."

साहेबांनी गुण्या जागेवर ठेवला आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले. ते गेल्यावर भाऊ मला म्हणाले, "ताई, हे साहेब कानाला बरे आहेत."

खरा गोंधळ झाला तो स्नेहसंमेलनात. दर वर्षी आमच्या खात्याचं संमेलन भरे. मी दोन गाणी म्हणत असे आणि भाऊ साथ करत. त्या वर्षी त्यांच्या हातात लाल साबणदाणीच्या झाकणाची नखी होती. दुसऱ्या कडव्यात ती निसटली, उडाली आणि पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांच्या कोकम सरबतात जाऊन पडली. पाहुण्यांनी घोट घेतला. तोंडात काहीतरी आलं ते त्यांना आमसूल वाटलं असणार. माझं गाणं संपेपर्यंत ते ती नखी चघळत होते आणि भाऊ बोटांनी तारा छेडत त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी पाहुण्यांनी ती रुमालात काढली, नीट पाहिली आणि खिशात ठेवली. भाषणात त्यांनी कोकणच्या मेव्याचं कौतुक केलं, पण जरा आखडतं घेऊन.

पुढच्या वर्षीच्या बैठकीत साहेब म्हणाले, "यंदा एकतर सरबत नको, नाहीतर गिटार नको."

सगळे हसले. भाऊही हसले. पण त्या दिवशी ते डबा न खाताच बसून राहिलेले मी पाहिले.

त्यानंतरच्या रविवारी ते मिरकरवाड्याच्या मासळी बाजारात गेले. भाऊ पिढीजात शाकाहारी घरातले. मोठ्या माशाचं खवलं चिवट असतं, लवतं, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. नाकाला रुमाल लावून ते एका कोळणीसमोर उभे राहिले.

"खवलं आहेत का?"

"म्हावरं काय देऊ, ते बोल."

"म्हावरं नको. नुसती खवलं. जरा मोठी बघून."

"घरी कोन आजारी हाय काय?" असं विचारून तिने एका थोराड तांबोशीची मूठभर खवलं कागदात बांधून दिली. ती पुडी घेऊन बाहेर पडताना भाऊ नेमके त्यांच्या घरमालकिणीच्या पुतण्याला दिसले.

संध्याकाळी मालकीणबाई ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. "काय गो, तुझा नवरा मिरकरवाड्यात काय करीत होता? माझ्या घरात असलं काही शिजणार असेल तर आजच सांग."

भाऊंच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आत गेल्या, पुडी घेऊन आल्या आणि उघडून बाईंच्या समोर धरली. "यात शिजण्यासारखं काय आहे, तुम्हीच बघा."

बाईंनी पाहिलं. माणूस मासे खातो हे त्यांना समजलं असतं. मासे सोडून नुसती खवलं आणतो, याचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्या परत गेल्या आणि पुढे कितीतरी दिवस भाऊंना बघून पदर सावरत बाजूला होत. खवलं वाळल्यावर वळली, तडकली. तोही प्रयोग फुकट गेला.

संमेलन आठवड्यावर आलं. आम्ही दुपारच्या सुट्टीत रेकॉर्डच्या खोलीत सराव करत होतो. मी गात होते, भाऊ वाजवत होते. एकाएकी साथ थांबली. मी वळून पाहिलं तर भाऊंचा हात तालात खालीवर होत होता, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान, आणि नखी खाली फरशीवर. चिमूट तशीच घट्ट होती, पण तिच्यात काहीच नव्हतं.

मला हसू आलं. मी हसलेही. मग भाऊंनी डोळे उघडले, आधी हाताकडे पाहिलं, मग फरशीकडे. त्यांचा चेहरा पाहून माझं हसू थांबलं.

"ताई, दार लोटा जरा," ते म्हणाले.

मी दार लोटलं. त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या टोकाची कातडी वेगळ्याच रंगाची होती, गुळगुळीत. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मी ती कधी पाहिली नव्हती.

"नाटे गावाच्या बाजूला मोजणीदारांबरोबर गेलो होतो, पाच-सहा वर्षं झाली," ते म्हणाले. "मोजणीच्या साखळीची कडी बांधाच्या गडग्यात अडकली. जांभ्या दगडांत हात घातला आणि फुरसं डसलं. वाचलो. पण हे टोक मेलं. चिमटा काढा, सुई टोचा, कळत नाही. नखी आहे की पडली, हे मला आवाज बंद झाल्यावर कळतं. आज तेही कळलं नाही."

"आणि नकाशे?"

"पेन डोळ्यांनी धरतो. रेघ संपेपर्यंत नजर हलवत नाही. गिटारला तसं करता येत नाही, डावा हात बघावा लागतो." मग हळूच म्हणाले, "कुणाला बोलू नका. आरेखकाचा अंगठा गेला म्हटलं की मला ह्याच खोलीत फायली लावायला बसवतील. आमच्या हिलाही ठाऊक नाही."

मी जागेवर जाऊन टाइप करायला बसले. माझ्या मशीनच्या एका कळीचा टवका उडाला होता. बोटाला तो खड्डा लागला की न बघता कळायचं की हात जागेवर आहे. मशीन दुरुस्तीला नेलं तेव्हाही मी ती कळ बदलू दिली नव्हती. मी तशीच उठून रेकॉर्डच्या खोलीत परत गेले.

"भाऊ, अंगठ्याला कळत नाही ना? मग बोटाला कळवा."

"म्हणजे?"

"नखीला मधोमध भोक पाडा. बोटाचं मांस त्यात बसेल. सरकली की बोट सांगेल."

भाऊंनी खणातून एक जुना कोनमापक काढला, त्याची कड कापली, कानशीने घासली, कंपासचं टोक मेणबत्तीवर तापवून मधोमध भोक पाडलं आणि त्याच्या काठावर ब्लेडने बारीक चरे ओढले. खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा वास भरला. शिपाई डोकावून गेला. भाऊंनी नखी चिमटीत धरली आणि तार छेडली. भरदार, गोल आवाज आला. ते निकाल देतील म्हणून मी थांबले होते. ते सुट्टी संपेपर्यंत नुसते वाजवत बसले.

संमेलनाच्या दुपारी माझ्या पहिल्याच गाण्यात वीज गेली. माइक बंद पडला, पंखे थांबले. साहेबांनी अखेर गिटार आणि सरबत दोन्ही ठेवलं होतं आणि पाहुण्यांचा पेला स्वतःच्या हाताने झाकून बसले होते. भाऊ थांबले नाहीत. शेवटच्या रांगेपर्यंत गिटार स्वच्छ ऐकू आली. हॉलमध्ये वहीने वारा घेणाऱ्या बायकाही हात थांबवून ऐकत राहिल्या. दुसरं गाणं झालं, लोकांनी तिसरं मागितलं. साहेबांनी पेल्यावरचा हात कधी काढला, ते त्यांनाही कळलं नाही.

नंतर चहाच्या वेळी वहिनींनी मला बाजूला घेतलं. "त्यांनी तुम्हाला अंगठ्याचं सांगितलं, होय ना?"

मी बशीत चहा ओतत राहिले.

"मला पहिल्या वर्षीच कळलं. तापलेलं भांडं उचलतात आणि पत्ताच नसतो. मी आधीच फडकं टाकून ठेवते. त्यांना वाटतं, मला नीटनेटकेपणाची हौस आहे." त्या हसल्या. "तुम्ही सांगू नका हं त्यांना. मला कळू नये म्हणून किती धडपडतात."

दोघांचंही गुपित मी सांभाळलं. दोघांनाही तेच वचन दिलेलं असल्यामुळे ते तसं सोपं होतं.

पुढे दोन वर्षांनी भाऊंची बदली देवरुखला झाली, आरेखक म्हणूनच. आम्ही कचेरीतले चार-पाच जण त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. सामान टपावर चढलं. भाऊ खिडकीशी बसले, शेजारी वहिनी, मांडीवर चादरीत गुंडाळलेली गिटार. कंडक्टर आला.

"ते टपावर टाका."

"ते माझ्या मांडीवर राहील. कुणाची जागा अडवत नाही."

"आहे काय ते?"

"गिटार."

"वाजतं का, की नुसतं न्यायचं?"

भाऊंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी चादरीची गाठ सोडून दिली. गाडी भरलेली होती. संगमेश्वरला बाजाराला निघालेल्या बायका टोपल्या पायांशी घेऊन बसल्या होत्या. भाऊंनी खिशातून नखी काढली, बोट भोकावर नीट बसवलं आणि वाजवायला लागले. सगळे माना वळवून बघू लागले. कंडक्टरने घंटीच्या दोरीकडे नेलेला हात तसाच वर राहिला. ड्रायव्हर चहा पिऊन आला, आपल्या जागेवर चढला, गाडी चालू करायला वाकला, आणि वाकलेलाच थांबला.

देवरुख गाडी त्या दिवशी उशिरा सुटली. गाडी का सुटत नाही, असं चौकशीच्या खिडकीतून दोनदा ओरडून विचारलं गेलं. गाडीतल्या कुणीही उत्तर दिलं नाही.