सेंट अ‍ॅनच्या मिरवणुकीत

तिसऱ्यांदा गर्भ टिकला नाही, तेव्हा कॅनडात, मिल्टनमधल्या आमच्या शेजारच्या बाई सूपचं पातेलं घेऊन आल्या. ऐंशीच्या घरातल्या, तरुणपणी फ्रान्सच्या ब्रिटनी भागातून इकडे आलेल्या.

"जुलैत क्यूबेकला सेंट अ‍ॅनच्या जत्रेला चल," त्या म्हणाल्या. "आमच्या गावच्या बायका तिच्याकडेच मूल मागतात. मरियमची आई ती. तिलाही उशिराच झालं."

त्यांना आता लांबचं ड्राइव्ह झेपत नव्हतं. नवरा म्हणाला, "जाऊन ये, तेवढाच चेंज."

दिवसभर गाडी चालवली. वाटेत त्यांनी समजावलं: खांदे झाकलेले हवेत, प्रार्थनेच्या वेळी फोटो नाही, आणि पाद्री देतील तो पवित्र भाकरीचा तुकडा घ्यायचा नाही.

"प्रसादाला नाही म्हणायचं?"

"तो आमच्यातल्यांसाठी असतो. तू नुसती बसून राहा. कोणाला वाईट वाटत नाही."

चर्चच्या दाराशी खांबांवर कुबड्या टांगल्या होत्या, बरे झालेल्यांनी ठेवून दिलेल्या. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. माझ्यासारखीनं काय आणून टांगायचं?

मिरवणुकीला बाईंनी आपल्या आईची, ब्रिटनीकडची लेसची पांढरी टोपी घातली. मिरवणुकीपुढच्या पताकेच्या दोन्ही बाजूंना लांब रिबिनी होत्या. त्यातली एक त्यांनी माझ्या हातात दिली.

"मी धरली तर चालेल?"

"धर. फक्त ओढू नकोस."

फ्रेंच गाणी मला कळत नव्हती. मी पावलं तेवढी जुळवत राहिले. मूर्तीपुढे सगळ्यांनी माना खाली घातल्या. "माग," बाई पुटपुटल्या. मी डोळे मिटले. शब्दच येईनात. सोनोग्राफीच्या खोलीतली ती शांतता तेवढी आठवली.

परतताना विचारलं, "तुम्ही काय मागितलंत?"

"काही नाही. मुलगा गेल्यापासून मागत नाही. नुसती येते."

"मग मला का आणलंत?"

"वाटलं, निदान तुझं तरी ऐकेल."

नोव्हेंबरात चौथ्यांदा दिवस राहिले, आणि नवव्या आठवड्यात तोही गर्भ टिकला नाही. त्यानंतर आम्ही प्रयत्न सोडले. त्याच हिवाळ्यात बाई बर्फावर घसरून पडल्या. भाचीनं त्यांना व्हिटबीच्या वृद्धाश्रमात नेलं. मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी मला ओळखलं नाही. माझा हात धरून ब्रिटनीच्या त्यांच्या बोलीत बराच वेळ काहीतरी विचारत राहिल्या. मला एक शब्द कळला नाही. मी हो, हो म्हणत बसले.