उबाल्दोचा अंगठा

बाराकोआ गावातल्या जुन्या मोटारींची इंजिनं ज्या रबरांवर टेकतात, ती माउंटिंग उबाल्दो लोबाइना करायचा. घराच्या मागच्या अंगणात, ग्राइंडरवर रबर घासून, तीस वर्षं. मोटारी चोपन्न-पंचावन्न सालच्या. त्यांची मूळ इंजिनं कधीच भंगारात गेलेली. त्या जागी ट्रकची डिझेल इंजिनं आणि ट्रकचेच गिअरबॉक्स. ही इंजिनं सारखी थरथरतात. माउंटिंग मऊ असलं तर थरथर रबरातच जिरते, पण इंजिन जागेवर ठरत नाही. कडक असलं तर इंजिन ठरतं, आणि सगळी गाडी थरथरते, आतल्या माणसांच्या दातांसकट. उबाल्दोचं काम मधलं रबर शोधायचं.

रबर दोन जागचं यायचं. ट्रकच्या जुन्या टायरचं मऊ, निकेलच्या कारखान्यातल्या माल वाहायच्या जुन्या पट्ट्याचं कडक. पण टायर किती वर्षं उन्हात पडला होता, त्यावरही फरक पडायचा. तो डोळे मिटून डाव्या अंगठ्याने रबर दाबायचा आणि सांगायचा, हे इंजिनाखाली, हे गिअरबॉक्सखाली, हे टाकून दे. बायको निवडतानाही अंगठाच लावला असशील, असं ड्रायव्हर म्हणत. त्यावर नेरेइदा स्वयंपाकघरातून म्हणायची, "मीच दाबून बघितलं त्याला. जरा मऊ निघाला."

जानेवारीत तो अंगठा बधिर झाला. आधी त्याला वाटलं, हातावर झोपलो असेन. मग एका सकाळी कॉफीचा पेला हातात धरलेला असताना तळवा भाजला आणि अंगठ्याला काहीच कळलं नाही. त्याने कुणाला सांगितलं नाही. पूर्वीसारखेच डोळे मिटायचे, पूर्वीसारखाच अंगठा दाबायचा, आणि अंदाजाने बोलायचं.

त्या अंदाजातली तीन माउंटिंग मार्चमध्ये लेओविहिल्दोच्या गाडीत गेली. लेओविहिल्दो मातोस त्याचा लहानपणापासूनचा मित्र. डोंगरावरून ग्वान्तानामोला रोज सवारी न्यायचा. पहिल्याच दिवशी तो खूश होऊन आला. गाडी नव्हे, पाळणा झालाय, म्हणाला. माणसं घाटातसुद्धा झोपतात.

उतारावर दुसरा गिअर निसटायला लागला तो पुढच्या आठवड्यात. लेओविहिल्दोने गिअरबॉक्स उघडला. सगळं ठीक दिसलं. बंद केला. पुन्हा निसटला. पुन्हा उघडला. उबाल्दोचं रबर चुकलं असेल, असं त्याच्या मनातही आलं नाही. शेवटी त्याने उपाय काढला. उतार लागला की पुढच्या सीटवर जो बसला असेल त्याने गिअरचा दांडा धरून ठेवायचा. लोकांना त्यात काही गैर वाटलं नाही. ज्याला झोपायचं असेल तो मागे बसू लागला, एवढंच. उबाल्दोच्या कानावर हे गेलं नाही.

मे महिन्यात तो ग्वान्तानामोच्या हॉस्पिटलला निघाला. डोळे तपासायचेत, असं घरी सांगून. लेओविहिल्दोने त्याला मानाने पुढे बसवलं. मागे तीन माणसं होती. त्यांत शाळेतल्या बाई, ओताविया, मांडीवर कोंबडी घेऊन. माथ्यावर गाडी थांबली, सगळ्यांनी पानाच्या शंकूतलं नारळाचं गोड घेतलं, आणि उतार सुरू झाला.

"दांडा धर," लेओविहिल्दो म्हणाला.

"कशाला?"

"गिअरबॉक्स म्हातारा झालाय. धर तू."

"घट्ट धरा हो," बाई मागून म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात एकाला शिंक आली, तर आम्ही सगळे देवाला आठवत होतो."

तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे दांडा उबाल्दोच्या डावीकडे होता. त्याने डावा हात ठेवला. तिसऱ्या वळणावर दांडा सटकला. आपण तो धरलाय असंच उबाल्दोला वाटत होतं. गाडी मोकळी सुटली. लेओविहिल्दो ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला. कोंबडी ओरडली. कठड्यापासून हातभर अंतरावर गाडीचा वेग मोडला. ब्रेक जळल्याचा वास आला.

"झोपलास काय?"

"हो," उबाल्दो म्हणाला.

उरलेल्या उतारावर त्याने उजव्या हाताने दांडा धरला आणि खाली बघत राहिला. लेओविहिल्दोने अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिन मागे कलत होतं. त्याबरोबर दांडा कलत होता आणि तो ज्यातून वर येतो त्या पायाखालच्या फळीतल्या भोकाच्या कडेला टेकत होता. कडच त्याला गिअरमधून बाहेर ढकलत होती. गिअरबॉक्सचा काही दोष नव्हता. रबर मऊ होतं.

डॉक्टरणीने अंगठ्यात सुई टोचली. त्याला ती टोचलेली फक्त दिसली. ग्राइंडर किती वर्षं चालवता, तिने विचारलं. हातात थरथर मुरत गेली की नस मरते, म्हणाली. ही परत येणार नाही.

परतीला समुद्रकाठी, चढ सुरू व्हायच्या आधी, गाडीत पाणी घालायला थांबले. बाकीचे सावलीत गेले. उबाल्दो बॉनेटपाशी उभा राहिला.

"मला पुढे बसवू नकोस."

"का? पुन्हा झोपशील म्हणून?"

"झोपलो नव्हतो. माझा अंगठा मेलाय, लेओ. जानेवारीपासून. तुझी तिन्ही माउंटिंग मी नुसत्या अंदाजाने केली."

लेओविहिल्दो पाणी ओतत राहिला. डबा रिकामा झाला तरी तो तसाच धरून होता.

"मी दोनदा गिअरबॉक्स उघडला, लेका."

"त्याचा काही दोष नव्हता. माझं रबर मऊ निघालं."

"आणि जगभर सांगत फिरलो, पाळणा म्हणून."

मग त्याने डबा ठेवला आणि सावलीतल्या बाईंना पुढच्या सीटवर बोलावलं.

घरी नेरेइदाने सगळं ऐकून घेतलं. अंगठ्यासाठी तिने त्याला बोल लावला नाही. डोळ्यांचं खोटं का सांगितलंस, यावर मात्र दोन दिवस धुसफुसली. तिसऱ्या दिवशी उबाल्दोने रबराचे सहा तुकडे टेबलावर मांडले. नेरेइदा विकायला नारळाचं गोड करायची, आणि पाक झाला का ते रोज बोटांत धरून बघायची. तिने एकेक तुकडा दाबला.

"ही कानाची पाळी. हे नाकाचं टोक. ही तुझी टाच."

त्याने लेओविहिल्दोच्या गाडीतली जुनी माउंटिंग काढून तिच्या हातात दिली.

"तिन्ही कानाची पाळी," ती म्हणाली.

त्याने इंजिनाच्या दोन बाजूंना नाकाचं टोक घातलं आणि गिअरबॉक्सखाली टाच. सगळीकडे टाच घातली असती तर दांडा अजून पक्का राहिला असता. पण त्या गाडीत रोज म्हातारी माणसं तीन तास बसायची.

पहिल्या फेरीला तो पुढे बसला. नेरेइदा आणि ओताविया बाई मागे. गाडी उभी असताना आरसा इतका थरथरला की त्यात मागची एक बस दोन दिसत होती. पाळणा संपला, लेओविहिल्दो म्हणाला. माथ्यापलीकडे उतार लागला तसा बाईंनी सवयीने पुढे हात घातला. "राहू दे," उबाल्दो म्हणाला. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

पहिलं वळण गेलं. तिसरं गेलं. दांडा थरथरत होता, पण कडेला टेकत नव्हता. खाली समुद्र दिसला.

"माझी कवळी वाजतेय," शेवटी बाई म्हणाल्या.

"वाजू दे," नेरेइदा म्हणाली.

त्यानंतर ड्रायव्हर रबर घेऊन आले की ती हात पुसत बाहेर यायची आणि दाबायची. उबाल्दो शेजारी उभा राहायचा. ती दाबत असताना डोळे तो मिटायचा.