एक्केचाळीस बिया

हे मी आजवर कुणालाच बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो — पण आधी थोडी फुशारकी ऐकून घ्या, ती अजून ओसरलेली नाही.

रियाधच्या अल सुलैमध्ये आमचं गोदाम आणि त्यामागेच आमच्या खोल्या. एक्केचाळीस माणसं, सगळी रत्नागिरी-रायगडची. आमचं भांडण मालकापर्यंत, आमच्या कफीलपर्यंत गेलं तर खलास, एखाद्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाच जायचा. म्हणून निवाड्याला आम्ही आमचाच पंच निवडतो. रमजानच्या शेवटच्या जुम्म्याला रोजा सोडताना खाल्लेल्या खजुराची बी ज्याने त्याने आपल्या उमेदवाराच्या डब्यात टाकायची, सगळ्यांदेखत.

सात वर्षं मीच पंच आहे. सगळे मला काजीसाहेब म्हणतात आणि मला ते भारी आवडतं — लपवू कशाला?

पहिल्या वर्षी मात्र जेमतेम दोन बियांनी आलो होतो. दुसरी निवडणूक चार दिवसांवर आली आणि आमचं स्वयंपाकघर जळालं. मुकादमाला एक नाव हवं होतं. ज्याची चूक, त्याची रवानगी दूर सरहद्दीजवळच्या अल खफजीच्या यार्डात. नाव पंचाने द्यायचं.

शरीफ म्हणाला, इस्माईलचाचा गॅस चालू ठेवून गेले. चाचा आमचे आचारी, साठीचे, वीस वर्षं सगळ्यांना जेवू घातलेले. चाचांच्या गावचं इथे कुणी नाही. शरीफच्या गावचे पंधरा जण. पंधरा बिया — कळतंय ना, माझं डोकं कुठे चाललं होतं?

आग लागली त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर माल मोजत होतो. शरीफने भज्यांसाठी तेल चढवलं आणि फोन कानाला लावून तो बाहेर गेला. मी पाहिलं — स्वतःच्या डोळ्यांनी. आणि निकाल देताना नाव घेतलं चाचांचं. आवाजही कापला नाही माझा.

जुम्म्याला चाचा बांधलेली बॅग घेऊनच आले. खजूर खाल्ला, बी माझ्या डब्यात टाकली.

"माजं वय झालं रे बाबा," ते म्हणाले. "गॅस मीच इसरलो असन. तू उगाच कोनाचं नाव घ्यायचा नाहीस."

दुसरा डबा रिकामा निघाला. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बिया माझ्या! पोरांनी मला खांद्यावर घेतलं, अंगणभर नाचवलं. मीही वर हात करून हसत होतो. खरं सांगू? एवढा आनंद मला निकाहच्या दिवशीही झाला नव्हता. आजही ते आठवलं की छाती फुगते — आणि तेच सांगायला सगळ्यात जड जातं.

खफजीला चाचा आता स्वयंपाक करत नाहीत म्हणे. गॅस बंद केला की नाही, त्यांना भरवसा वाटत नाही. चहाला आधणसुद्धा दुसऱ्याला ठेवायला सांगतात.

त्या दिवशी चाचांनी गॅस बंद केला होता. बटण फिरवून पुन्हा एकदा दाबून पाहिलं होतं आणि मगच ते पाठ टेकायला गेले होते. तेही मी पाहिलं होतं.