विकलेल्या मोटरहोममधली आमची ट्रिप

आधी चहा घ्या, कारण मध्येच तुम्ही मला थांबवून म्हणणार, "काका, शक्यच नाही!" अहो, शक्य आहे. शिकलासवरलेला, तीस वर्षं फार्मसीत लोकांना औषधं समजावून देणारा माणूस स्वतःच विकलेल्या गाडीत, नव्या मालकाच्या डोळ्यांदेखत, बॅगा ठेवतो आणि वर चढून बसतो. तो माणूस मी!

आमचं मोटरहोम होतं. न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला, ‘ते रापा’ नावाच्या भागाजवळच्या आमच्या घरासमोर उभं असायचं. रिटायर झाल्यावर घेतलं, आणि सुमनने आणि मी अकरा वर्षं देशाची दोन्ही बेटं पालथी घातली. मग या उन्हाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, पडदा खराब झालाय, यापुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही. सुमनला ते धूड चालवता येत नाही. म्हणजे विकण्यावाचून मार्गच नव्हता.

खोटं कशाला बोलू? गाडी शेवटची धुताना मला रडू आलं. साबणाचं निमित्त होतं म्हणून बरं.

घ्यायला आले ते ब्रूस आणि जूली, केंब्रिजकडचं जोडपं. साधी, हसरी माणसं. किल्ली घेताना ब्रूसला माझा चेहरा दिसला असावा. पाठीवर थाप मारून म्हणाला, "यू टू मस्ट कम अवे विथ अस समटाइम, एह? हीप्स ऑफ रूम!"

आमच्याबरोबर फिरायला या, जागा भरपूर आहे म्हणे! आता मला सांगा, आपण स्वतः काय करतो? भेटेल त्याला म्हणतो, "या ना एकदा घरी, निवांत." आणि खरंच कोणी आलं की दूध आहे का बघायला आत पळतो. मग हे मला कळायला नको? पण नाही! माझं ठाम मत की तोंडदेखलं बोलणं हा आपला मराठी माणसाचा प्रांत. इथला किवी माणूस बोलला म्हणजे बोलला.

दोन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला. शनिवारी समुद्रावर, रॅग्लनला निघालोय, पहिलीच ट्रिप, दहाला तुमच्याकडे थांबतो, घरी आहात ना? शेवटी पाण्याच्या पाइपाचं काहीतरी होतं. गाडीच्या टाकीत पाणी भरायचा पाइप आमच्या गराजमध्ये राहिला होता.

"अहो, नक्की नेणारेत का आपल्याला?" सुमनने विचारलं.

"मग घरी आहात का, असं कशाला विचारलं?"

"पाइपासाठी."

"नुसता पाइप हवा असता तर दारात ठेवा म्हणाला असता ना!"

तिने कपाट उघडलं. मग म्हणाली, "बरं. स्वेटर घेते."

शुक्रवारी मी चिवडा केला. सुमनने चौघांपुरत्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी केली. विहाराच्या ग्रुपवर मी मोठ्या रुबाबात कळवलं, रविवारी वंदनेला येत नाही, आम्ही टूरवर! सात जणांनी अंगठे पाठवले. त्या रात्री मला किती छान झोप लागली म्हणून सांगू. डॉक्टर गेला खड्ड्यात, माझं फिरणं काही संपलेलं नाही!

शनिवारी दहाच्या ठोक्याला आमची, म्हणजे त्यांची, गाडी दारात. आम्ही दोघं उशा, बॅगा, डबे घेऊन उभे.

"किया ओरा!" असा इथला नमस्कार घालत ब्रूस उतरला. बॅगांकडे बघून म्हणाला, "कुठे निघालात की काय?"

मला वाटलं, गंमत करतोय. "रॅग्लनला!" मी हसून म्हणालो.

"काय सांगता! आम्हीपण रॅग्लनलाच!"

"माहितीये!"

दोघंही पोट धरून हसलो. "मग बसा की!" म्हणत त्याने स्वतः बॅग उचलली. आता यात शंकेला जागा कुठे होती, सांगा बरं?

मी आत गेलो. डबे फ्रिजमध्ये ठेवले. उशा वरच्या बेडवर टाकल्या. जूलीच्या भुवया किंचित वर गेल्या. वाटेत ब्रूसला दुसऱ्या ड्रॉवरचं कुलूप कसं लावायचं, चढाला कुठला गिअर, सगळं शिकवलं. सुमन खिडकीशी गप्प बसली होती. एरवी गाडीत तिचं तोंड बंद नसायचं. "वळण आलं, सायकलवाला आहे, पुलावर एकच लेन आहे." मी किती वेळा वैतागलोय त्यावर!

रॅग्लन आलं. ब्रूसने गाडी कडेला घेतली. "तर मग, कुठे सोडू तुम्हाला?"

"सोडू? कॅम्पिंगलाच की."

"अच्छा! मग तुमचा तंबू कुठाय?"

मी ब्रूसकडे पाहिलं. ब्रूसने जूलीकडे. जूलीने वरच्या बेडवरच्या उशांकडे. त्याने आम्हाला लिफ्ट दिली होती हो, नुसती लिफ्ट! ब्रूसचे कान लाल झाले. माझेही झाले असणार, पण आपल्या रंगात दिसत नाहीत.

"राहा ना, खरंच राहा," जूली घाईघाईने म्हणाली. ते तोंडदेखलं होतं, आणि या वेळी मला बरोब्बर कळलं.

सुमनच पटकन उठली. "नाही नाही, आम्ही दिवसापुरतेच आलो. दुपारच्या बसने परत."

समुद्राकाठी बाकावर बसून चौघांनी पोळीभाजी खाल्ली. ब्रूसने तीनदा वाढून घेतली. पाइप? तो गराजमध्येच राहिला!

परतीच्या बसमध्ये उशा मांडीवर घेऊन बसलो. मान वर करवत नव्हती. आता मात्र संपलं, एवढंच मनात येत होतं. सुमनचं लक्षच नव्हतं. ती काचेला नाक लावून बाहेर बघत होती.

"अहो, त्या टेकड्या बघा. केवढ्या हिरव्यागार! या रस्त्याने आपण आजच्या आधी कधी आलो नव्हतो का?"

"सुमन, वीस वेळा आलोय."

"हो का?" ती म्हणाली. "गेली चार वर्षं मी रस्ताच बघत होते. तुमच्या वाट्याचा."

मी उशी घट्ट धरून बसलो. मला नीट दिसत नाही हे तिला कळलं होतं, डॉक्टरच्या कितीतरी आधी. दोनदा बोलली होती, मी उडवून लावलं होतं. आणि विहारात येईल त्याला मी छाती फुगवून सांगायचो, बायकोला अख्खं न्यूझीलंड दाखवलं! तिने बिचारीने काय पाहिलं? डांबर.