भाकर तरी उलटून पाहतेत

आधीच सांगून टाकतो — भूतखेत या खात्याशी आमच्या घराचा काही संबंध नाही. छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर बाबांनी घरातले देव काढले, तेव्हा मुंजा, हडळ आणि पिंपळावरचं सगळं बिऱ्हाडही त्यांच्यासोबत निघालं. "मालकच गेला, आता भाडेकरू कशाले ठेवता?" असं बाबा म्हणत. पुढे मी बी.एस्सी. झालो, म्हणजे बंदोबस्त दुहेरी झाला. 'गूढ अनुभव' छापणाऱ्या अशा सदरांतून येणाऱ्या पांढऱ्या साड्या आणि उलटे पाय मी जेवणानंतरची करमणूक म्हणून वाचतो.

तरी लिहितोय. कारण माझ्या गोष्टीतल्या बाईची साडी कुणी पाहिली नाही, पायही पाहिले नाहीत. ती दिसलीच नाही. फक्त बोलली... आणि तिच्यामुळे माझं लग्न झालं.

दीक्षेनंतर दोन-तीन वर्षांनी अमरावतीच्या एका शाळेत मला विज्ञान शिक्षकाची नोकरी लागली. आम्ही राजापेठेत राहत होतो. चांदूर रेल्वेच्या सुमनशी लग्न ठरलं होतं. मधे उरली होती फक्त डॉक्टरी तपासणी. छातीचा फोटो काढायचा म्हटल्यावर थोरल्या बहिणीनं, अक्कानं, मला इस्त्रीचा सदरा घालून, भांग पाडून पाठवलं. तिथे गेल्या गेल्या सदरा काढायला लावला.

क्ष-किरण हवेतून सहज जातात, हाडात अडतात. म्हणून फिल्मवर हवेनं भरलेली फुप्फुसं काळी दिसतात आणि फासळ्या पांढऱ्या. हे मी पुढे पोरांना शिकवणार होतो. पण माझ्या उजव्या फुप्फुसाच्या काळ्यात, वरच्या अंगाला, सुपारीएवढा पांढरा डाग होता. अमरावतीच्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली. "टी.बी. असेल, नसेलही," ते म्हणाले. "फोटो म्हणजे थांबलेलं चित्र. अकोल्याला नवं मशीन आलंय, स्क्रीनिंग करून घ्या. त्यात छाती हलताना दिसते."

टी.बी.वर तोवर औषध आलं होतं, पण भीती गेली नव्हती. डाग खरा ठरला असता तर वर्षभर सॅनेटोरियम, नोकरी दुसऱ्याला, आणि सुमनही.

सुमनचे वडील रेल्वेत पॉइंट्समन. त्यांना कळलं तसा निरोप आला — "मी संगं येतो. पोरगी माही आहे, डोयानं पाहीन." ते चांदूरहून गाडीत बसून आले, मी आणि अक्का बडनेऱ्याला चढलो. मामाजींनी, म्हणजे या होणाऱ्या सासऱ्यांनी, मला खिडकीची जागा दिली. मायेनं की वाऱ्याची दिशा पाहून, ते मी विचारलं नाही.

अकोल्याचा दवाखाना ताजनापेठेत होता. डॉक्टर विलायतेहून आलेले. पाटीवर नाव लहान आणि पदव्या एवढ्या, की शेवटची पदवी शेजारच्या दुकानाची वाटावी. मशीनचं नुकतंच उद्घाटन झालं होतं. त्याच्या गळ्यात अजून झेंडूचा सुकलेला हार होता, पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक आणि पायाशी नारळाची करवंटी. विज्ञानाचं स्वागत अगदी शास्त्रोक्त झालं होतं. भिंतीवर उद्घाटनाचा मोठा फोटो होता. त्यात सगळी पुढारी मंडळी मशीनसमोर उभी होती, त्यामुळे मशीन दिसत नव्हतं.

डॉक्टर अकोल्याच्या उन्हाळ्यात टाय लावून बसले होते, आणि डोळ्यांवर लाल काचांचा चष्मा! मामाजी माझ्या कानात म्हणाले, "या डॉक्टरचेच डोये आले वाटते."

कंपाउंडर रहीमभाईंनी ते ऐकलं. "डोळे आले नाही, मामाजी, डोळे पकवून राहिले साहेब. उन्हातून सीधे अंधेरे में गये तो पडद्यावर काही दिसत नाही. लाल चष्मा लावला की आँख पहले से तयार होते." आम्हाला चष्मे नव्हते, म्हणून आम्ही अंधारात बसूनच डोळे पकवायचे, असं ठरलं. नातेवाइकांना आत घ्यायला डॉक्टरांची हरकत नव्हती. त्या काळी किरणांची भीती कमी आणि कौतुक जास्त होतं, आणि साहेबांना प्रेक्षक वर्ज्य नव्हते.

खोली नीट सांगतो. खिडकी विटांनी बुजवलेली. दार एकच, त्याच्या आतून जाड काळा पडदा. रहीमभाईंनी कडी लावली आणि दाराला स्टूल टेकवून त्यावर बसले. आत मी, अक्का, मामाजी, डॉक्टर आणि रहीमभाई. बाहेर भर दुपार, आत स्वतःचा हात दिसेना.

"रेल्वेत बत्ती गेली तर आमी निदान शिट्टी तरी मारतो," मामाजी म्हणाले.

सगळे हसले. त्या हसण्यात अक्काखेरीज आणखी एका बाईचं हसणं होतं, जरा घोगरं. मला वाटलं, नर्स असेल.

"जेवून आले का बापा?" त्या आवाजानं विचारलं.

"हो ना," अक्का म्हणाली. "मुर्तिजापूर आलं तवा डबा सोडला. हा काई जेवला नाई पण."

"जेवन, जेवन. पोट कुठी जाते?"

इतकं साधं बोलणं. कुणाला काही वाटलं नाही.

मग मला मशीनच्या फळीला टेकून उभं केलं आणि छातीवर थंडगार काच आली. डॉक्टरांनी पायानं बटण दाबलं, मशीन घुमायला लागलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हिरवट उजेड पडला. स्क्रीनवर फोटोच्या उलट दिसतं — फुप्फुसं उजळ, हाडं काळी. मला अर्थात काहीच दिसत नव्हतं. माझी छाती मी सोडून सगळ्यांनी पाहिली.

"अगं माय!" अक्का ओरडली. "हे काय नाचून राहिलं?"

"हार्ट," डॉक्टर म्हणाले.

"दिल है, बाई," रहीमभाईंनी दाराजवळून भाषांतर केलं.

"पयते बाकी मेल गाडीवानी," मामाजी म्हणाले. त्यांचा आवाज जरा मऊ झाला होता.

"हं... देअर इट इज," डॉक्टर म्हणाले. "शॅडो आहे. उजवीकडे, वर." पाय उचलला, घुमणं थांबलं, पुन्हा काळोख. "सॅनेटोरियमला पाठवावं लागेल. वर्ष तरी धरून चाला. रहीम, लाइट."

मामाजींनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. अक्काचा ऐकूच येईना. रहीमभाई दिव्याच्या बटणाकडे निघाले असतील, तेवढ्यात तोच घोगरा आवाज डॉक्टरांच्या अगदी जवळून आला —

"काहून रे भुऱ्या, एकाच अंगानं पाहून मोकळा झाला? भाकर तरी उलटून पाहतेत!"

आणि विलायती पदव्यांचा तो माणूस, टायसकट, पटकन बोलून गेला, "हो वं... पाह्यतो ना."

मग घसा खाकरून, "टर्न लेफ्ट, प्लीज. जरा तिरके उभे राहा. रहीम, लाइट राहू दे."

मशीन पुन्हा घुमलं. त्यांनी मला खांद्याला धरून हळूहळू फिरवलं. श्वास घ्या. सोडा. परत घ्या. थोडं अजून वळा... आणि मग ते हसायला लागले. डॉक्टर हसताना मी तोवर ऐकला नव्हता.

"डाग फासळीबरोबर हलतोय! फुप्फुसात नाहीच तो. वळवल्यावर बाहेर निघाला. लहानपणी कुठून पडला होतात का?"

मला आठवेना. अक्काला आठवलं. "बैलबंडीवरून! वावराच्या धुऱ्यावर आपटला होता न जी. मायनं हयद बांधली, आठ दिवस कोकलत होता."

"तेच. फासळी मोडली होती, ती आपोआप सांधली. सांध्यावर हाडाची गाठ राहिली, समोरून ती फुप्फुसातल्या डागासारखी दिसते. टी.बी. नाही."

"म्हंजे... लाइन क्लिअर?" मामाजींनी विचारलं.

"क्लिअर," डॉक्टर म्हणाले.

मामाजी अंधारातच उठले आणि जावयाला कडकडून मिठी मारली. "मामाजी," मिठीतून आवाज आला, "जावई उधर है. मैं रहीम."

दिवा लागला तेव्हा खोलीत आम्ही पाच जण होतो. सगळे एवढे हसत होते की कुणी मोजलं नाही.

परतीच्या गाडीत मामाजी मला खेटून बसले. बोरगावच्या आसपास अक्का म्हणाली, "ते नर्सबाई लय चांगली होती."

"नर्स?" मामाजी म्हणाले. "मले वाटलं तुमची अकोल्याची आत्या हाय कोनी."

मी दोघांकडे पाहिलं. मला तर मधूनच वाटलं होतं, मामाजींनी अकोल्यातलं कुणी नात्यातलं बोलावलं असेल. आमच्या वऱ्हाडात एका माणसाचं काम असलं की चार नातेवाईक जातात, आणि पाचव्याला कुणी 'तू कोण' विचारत नाही.

लग्न झालं. पेढे घेऊन मी अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि उगाच फिल्मशी चाळा करत विचारलं, "तुमच्या त्या वयस्कर बाई... बऱ्या आहेत ना?"

"कोणत्या? त्या तुमच्या नर्स ना?"

"माझ्याकडे नर्स नाही."

त्यांनी लाल चष्मा काढला. मग सांगितलं. आई लवकर गेली, मावशीनं वाढवलं. ते विलायतेत शिकत असताना ती वारली, यायला जमलं नाही. 'भुऱ्या' हे नाव मावशीनं ठेवलेलं, तिच्यानंतर ते कुणी घेतलं नव्हतं. बायकोलाही माहीत नव्हतं.

"मला वाटलं, तुमच्यातल्याच कुणी सहज म्हणाल्या असतील," ते म्हणाले. "तुम्ही हो म्हणाला असतात, तर बरं झालं असतं." पण चेहऱ्यावरून तसं वाटत नव्हतं. चेहरा भर वर्गात शाबासकी मिळालेल्या पोरासारखा होता.

मी माझ्या परीनं शोध घेतला. दाराला कडी होती, कडीला रहीमभाई. भिंतीपलीकडे कापसाचं गोदाम. पाच जणांना एकदम भास व्हावा, तर अक्कानं त्याच्याशी माझ्या जेवणावर चर्चा कशी केली? पुढे सरकता आलं नाही. रहीमभाईंकडून मात्र एवढं कळलं, की त्या दिवसापासून साहेब प्रत्येक पेशंटला फिरवून पाहतात.

काही वर्षांनी सुमनच्या पोटात सारखं दुखायला लागलं. बेरियम मीलसाठी आम्ही त्याच खोलीत गेलो. पोट एरवी क्ष-किरणांत नीट दिसत नाही, म्हणून बेरियमचं पांढरं पाणी प्यायला देतात. ते जसजसं खाली उतरतं, तसतसा जठराचा आकार पडद्यावर उमटतो.

"चव कशी आहे?" मी विचारलं.

"पाटी चाटल्यावानी."

काळोख झाला. डॉक्टरांचा पाय बटणावर असणार, पण मशीन घुमेना. मग अंधारात ते हळूच म्हणाले, "मावशे, पाहू का वं?"

कुणी बोललं नाही. सुमन पेला धरून उभी. तिला सगळी हकिकत पाठ होती. आणि मी, बी.एस्सी., बाबांचा मुलगा, कान देऊन उभा होतो. मग ते माझ्याच तोंडून निघालं —

"आज जेवून नाई आलो, मावशी. उपाशीपोटीच बोलावलं होतं."

सुमन फसकन हसली. डॉक्टर हसले, मशीन घुमलं. पोटात काही वाईट निघालं नाही. त्यांनी तिला समोरून पाहिलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. मावशीचं नाहीच, पण त्या दिवशी मी जे बोललो, त्याचंही नाही.