संत्याचा मेसेजवाला नंबर

संत्याला जाऊन आज वर्ष झालं, आणि मला त्याचा अजून राग येतो.

अटॅक आला. चाळिशीसुद्धा गाठली नाही गड्यानं.

सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजपासूनचा दोस्त. मी साताऱ्याचा, तो शिराळ्याजवळच्या एका वाडीचा. मी पुण्यात नोकरी धरली. हा घरून काम मिळालं म्हणून वाडीत परतला.

आणि तिथं बसून एक खूळ काढलं.

कुणी ओढ्यात साखर कारखान्याची मळी सोडली, रस्त्याकडेची झाडं तोडली, तर गावातल्या माणसानं सांगायचं कुणाला? त्यानं एका नंबरवर आपल्या गावाचं नाव एसएमएस करायचं. पर्यावरणाचं काम करणारी जवळची संस्था आणि तिचा फोन उत्तरात येणार.

मी म्हटलं, "चांगलं अ‍ॅप करू की."

"आमच्या आबांच्या बटनाच्या फोनवर चालंल का तुझं अ‍ॅप?"

विषय संपला. कोड दोघांनी मिळून लिहिला.

आबा म्हणजे त्याचे वडील, फौजेतून रिटायर्ड. आमचं सगळं 'सर्व्हरलेस' होतं; म्हणजे काय, हे त्यांना सांगताना माझा घाम निघाला. "आबा, आपलं स्वतःचं मशीनच नाही. मेसेज आला की तिकडं कोड जागा होतो, उत्तर देतो, परत झोपतो."

"डूटीवर झोपतंय व्हय? आमच्यात कोर्ट मार्शल झालं असतं."

पहिल्याच आठवड्यात घोळ. लोक आधी 'राम राम' लिहायचे, मग गाव. आमचा कोड 'राम राम' नावाचं गाव शोधत बसायचा. मी म्हटलं, लोकांना सांगू, नुसतं गाव लिहा.

संत्या भडकला. "मशीनसाठी माणसांनी राम राम सोडायचा व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी कोड बदलला.

लय लोकांनी वापरला तो नंबर. आबांनी मात्र एकदाही नाही. संत्या मागं लागायचा, "आबा, एक मेसेज तरी टाका की."

"तू हाईस की समोर. मशीनला कशाला इचारू?"

संत्या हसण्यावारी न्यायचा. पण त्याला ते लागायचं.

तो गेल्यावर सगळं माझ्या गळ्यात आलं. संस्थांचे फोन बदलतात, लोक तक्रार करतात, नोकरी सांभाळून एकट्याला जमेना. वर्षश्राद्ध झालं की बंद करायचं, असं ठरवलं. त्याआधी आलेले मेसेज एकदा बघावेत म्हणून गेल्या आठवड्यात ऑफिसात लॅपटॉप उघडला.

त्यात आबांचा नंबर दिसला.

"पोराच्या नावानं झाडं लावायची हाईत. रोपं कोण देतंय."

गाव लिहिलंच नव्हतं. कोडनं त्याच्या पद्धतीनं विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

आबांचं उत्तर होतं, "आरं, आपलंच की."

त्यापुढं काहीच नाही. त्या कोडला काय कळणार. मी तिथंच सगळ्यांसमोर रडलो.

आज रोपं घेऊन वाडीत गेलो. आबांनी खड्डे आधीच काढून ठेवले होते. दोघांनी मिळून लावली.

नंबर बंद करत नाही, संत्या. मी बघतो त्याचं.

तू जा आता सुखानं.